चार बाइट कमी

गेल्या दिवाळीच्या आधी आमची कंपनी एका परदेशी कंपनीनं विकत घेतली. नाशिकच्या ऑफिसात आम्ही अकराजण. करार झाला त्या दिवशी पेढे वाटले गेले आणि पुढच्याच सोमवारी नव्या मालकांकडून कामांची यादी आली. माझ्या वाट्याला तिच्यातली एकच ओळ होती: लायब्ररीतल्या सगळ्या अंतर्गत फंक्शनांचं डॉक्युमेंटेशन पूर्ण करणे. ती ओळ वाचून मी लॅपटॉप मिटला आणि मेथी निवडायला बसले.

समोर बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, नवीन काय काम आलं. त्यांना उगाच काहीतरी सांगून चालत नाही, त्या पुढचा प्रश्न विचारतात. म्हणून नीट सांगितलं. एखादा मोठा प्रोग्राम एका फाइलीत लिहीत नाहीत, शंभर फाइलींत लिहितात. प्रत्येक फाइलीचा यंत्राला कळेल असा एक वेगळा तुकडा तयार होतो, त्याला ऑब्जेक्ट फाइल म्हणतात. त्या तुकड्यात यंत्रासाठीच्या सूचना असतात आणि नावांचा एक तक्ता असतो: ही नावं माझ्याकडे आहेत, ही मला दुसऱ्या तुकड्यांकडून हवीत. शेवटी सगळे तुकडे एकमेकांना जोडायचे. हे तुकडे वाचणारी, लिहिणारी, त्यांच्या आत काय आहे ते सांगणारी लायब्ररी आम्ही सी भाषेत लिहिली आहे. कारखान्यांतल्या बाटल्या भरणाऱ्या, खोकी बांधणाऱ्या मशिनींचे प्रोग्राम तिच्यातून जातात. तिची बाहेरची फंक्शनं, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे छोटे भाग, गिऱ्हाइकं वापरतात, त्यामुळे त्यांची माहिती पहिल्यापासून लिहिलेली आहे. आतली फक्त आम्हीच वापरतो.

"मग ती लिहिलीच नव्हती आत्तापर्यंत?" त्या म्हणाल्या.

नव्हती. ज्यांनी लिहायची ते आणि ज्यांनी वाचायची ते एकाच खोलीत बसायचे. मान वळवून विचारलं की कळायचं. आता त्यातले निम्मे लोक सोडून गेलेत, उरलेले निम्मे विसरलेत. मी दुसऱ्या निम्म्यातली.

आमच्या मॅनेजरला हे काम फार मोठं वाटत नव्हतं. तो पुण्यात बसतो, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आहे, स्वभावानं चांगला आहे. कोड एआयला द्यायचा, ते मजकूर लिहून देईल, मी फक्त नजर टाकायची, असं त्याचं म्हणणं. पहिल्या दिवशी मलाही ते पटलं. एका दुपारीत चाळीस फंक्शनांचा मजकूर तयार झाला. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. मग मी वाचायला बसले. सेक्शन, म्हणजे ऑब्जेक्ट फाइलीतला एखादा कप्पा, शोधणाऱ्या फंक्शनाखाली लिहिलं होतं की हे फंक्शन सेक्शन शोधतं. खोटं नव्हतं. पण सेक्शन सापडलाच नाही तर काय, घेतलेली मेमरी परत कुणी करायची, तेच फंक्शन दोनदा बोलावलं तर चालतं का, म्हणजे वाचणाऱ्याला जे हवं असतं तेच त्यात नव्हतं. कुठे कुठे होतं, तिथे ते चुकलेलं होतं. आणि चुकलेलं वाक्य बरोबर वाक्यासारखंच दिसायचं. ते पकडायचं तर आधी खरं काय ते माहीत हवं, म्हणजे प्रत्येक फंक्शन ओळ न ओळ वाचणं आलंच.

असे दिवस गेले. सकाळी साडेनऊला जेवणाच्या टेबलावर बसायचं, मानेला पट्टा लावायचा, एक फंक्शन उघडायचं. ते कोणाला बोलावतं ते बघायला दुसरं, त्याच्यासाठी तिसरं. दुपारपर्यंत पहिल्या फंक्शनासाठी चार ओळी लिहून व्हायच्या. यशस्वी झाल्यास शून्य परत देते. अपयश आल्यास उणे एक. ही दोन वाक्यं मी किती वेळा लिहिली असतील याला सुमार नाही. संध्याकाळी भाजी आणायला गेले की भाजीवाल्याशी बोलायलाही शब्द उरलेले नसायचे. बोट दाखवायचे.

नोव्हेंबरच्या शेवटी ते फंक्शन समोर आलं. नाव 'फिक्स टेल', म्हणजे शेपूट दुरुस्त करणारं. अकरा ओळी. वर इंग्रजीत एक टीप: काढू नका. टिपेपुढे दोन अक्षरं. एआयनं त्याखाली लिहिलं होतं की हे फंक्शन तक्त्याची लांबी चारच्या पटीत आणून आखणी नीट बसवतं.

ते तसं काही करत नव्हतं. नावांच्या तक्त्याच्या सुरुवातीला चार बाइटांत त्या तक्त्याची लांबी लिहिलेली असते. तुकडा वाचताना हे फंक्शन बघायचं की तक्त्यातलं शेवटचं नाव अर्ध्यात तुटलंय का, आणि फाइलीत त्यापुढे बरोबर चार बाइट शिल्लक आहेत का. दोन्ही खरं असेल तर लांबी चारने वाढवायची. पटीत आणण्याचा प्रश्नच नव्हता. पण एखादा तक्ता चार बाइटांनी कमी पडेलच कशाला? मी ते फंक्शन तात्पुरतं काढलं आणि सगळ्या चाचण्या चालवल्या. सगळ्या पास झाल्या. त्यानं मी जरा घाबरले. एआयचं वाक्य तसंच राहिलं असतं तर पुढे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, हे कशाला हवंय, आणि काढून टाकलं असतं. एकही चाचणी ओरडली नसती.

कोडचा जुना इतिहास आमच्याकडे नाही. मध्ये एकदा सगळं एका सिस्टिमवरून दुसरीवर हलवलं, तेव्हा आधीची नोंद गेली. पण त्या दोन अक्षरांसाठी मला इतिहासाची गरज नव्हती. ती सरांच्या नावाची होती.

ही लायब्ररी सरांनी सुरू केली. मी कॉलेजातून थेट आले तेव्हा ऑफिस म्हणजे शरणपूर रोडवरच्या एका फ्लॅटच्या दोन खोल्या होत्या, आणि मला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, नीट शिकवला तो सरांनी, तोही पाठकोऱ्या कागदावर. त्यानंतर वर्षाच्या आतच त्यांच्यावर एक प्रसंग आला. लायब्ररीत मोठी चूक निघाली, एक चांगलं गिऱ्हाईक बिथरलं, आणि तेव्हाच्या मालकांनी सगळ्यांसमोर सरांना फैलावर घेतलं. सर उभे होते, हात मागे बांधून. माझी चूक झाली, एवढंच म्हणाले. पुढे त्यांच्याकडून लायब्ररी काढून घेतली आणि त्यांना गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवायला बसवलं. काही वर्षांत लायब्ररी माझ्याकडे आली. अकरा वर्षांपूर्वी सर नोकरी सोडून दिंडोरीला आपल्या शेतावर राहायला गेले. आधी मी दिवाळीला फोन करायचे, मग मेसेज, मग तेही राहिलं.

त्या प्रसंगाच्या दिवशी आम्ही तरुण मंडळी खाली चहाला गेलो होतो. तिथे मी म्हणाले होते की सर आता तपासत नाहीत, वय झालं त्यांचं. सर तेव्हा पंचेचाळीसचे असतील. आज मी सेहेचाळीसची आहे.

फोन केला तर त्यांनी लगेच ओळखलं. कामाचं आहे म्हटल्यावर म्हणाले, फोनवर ऐकू नीट येत नाही, घरी ये. आमच्याकडे शनिवारी दुरुस्तीसाठी लाइट जाणारच होती. स्कूटर काढली आणि दिंडोरी रोडला लागले. म्हसरूळ मागे पडलं तशी हवा गार झाली. आभाळ भरून आलेलं होतं.

सर ओट्यावर बसले होते. केस पूर्ण पांढरे झालेले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला बघून आधी पाणी आणलं आणि मग मला एवढी वाळलीस का म्हणून विचारलं. पुतण्या बागेतून येऊन ट्रॅक्टरच्या चाव्या शोधत होता. द्राक्षांचे घड फुलोऱ्यात आणि वर ढग, त्यामुळे फवारणी तातडीची होती. "लय बेकार हवा हाय," एवढं म्हणून तो गेला. मग बराच वेळ बागेतून फवारणीच्या पंख्याचा आवाज येत राहिला.

मी फंक्शन कागदावर छापून नेलं होतं. सरांनी चष्मा कपाळावर सारला आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

"हे अजून आहे?"

"आहे. कशासाठी आहे ते कळत नाही, म्हणून आले."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "तुला खरंच आठवत नाही?"

"नाही, सर."

मग त्यांनी सांगितलं. तक्त्याची लांबी लिहिताना ती लांबी ज्यात लिहितो ते चार बाइटही मोजायचे असतात. एका आवृत्तीत ते मोजलेले नव्हते. त्यामुळे तिनं लिहिलेल्या प्रत्येक फाइलीत लांबी चारने कमी पडायची आणि शेवटच्या नावाची शेपटी तुटायची. पुढच्या आवृत्तीत लिहिण्यातली चूक दुरुस्त झाली, पण तोवर एका औषध कारखान्याच्या मशिनींचे सगळे तुकडे त्या चुकीच्या आवृत्तीनं तयार झाले होते. मूळ कोड ज्यांच्याकडे होता त्यांनी आपलं दुकान बंद केलं. उरले फक्त तुकडे, ते पुन्हा तयार करणं कुणाच्या हातात नव्हतं. म्हणून वाचताना सांभाळून घ्यायचं, असं ठरवून सरांनी हे फंक्शन लिहिलं.

हे सगळं मला नीट कळत होतं. तरी मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय डॉक्युमेंट पूर्ण होत नाही.

"लिहिण्याचं ते फंक्शन कुणी केलं होतं?"

"तू," सर म्हणाले.

ते काम मला आठवायला लागलं होतं. नोकरीतले पहिले सहा महिने, कोपऱ्यातलं टेबल, लिहिणाऱ्या भागाचा एक तुकडा मला दिलेला. तो मी केला, तो गेला, पुढे त्याचं काय झालं हे मला कधीच कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही?"

मला बरं वाटेल असं उत्तर सरांना द्यायचं नव्हतं, हे दिसत होतं.

"तुला वाचवायला केलं असं समजू नकोस. तू मला दोनदा म्हणाली होतीस, सर, एकदा बघून घ्या. मी न बघताच पाठवून दिलं. मी तेव्हा बंगलोरच्या एका नोकरीच्या मागे होतो, ऑफिसात बसून तिची तयारी करायचो. नवीन मुलीचा कोड मी वाचलाच नाही, हे सांगायचं म्हणजे का वाचला नाही तेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा चूक माझी म्हणणं सोपं होतं."

"आणि ती नोकरी?"

"नाही मिळाली."

मग मी चहाच्या टपरीवरचं बोलणं त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित, पण तिथे बसून ते न सांगणं मला जमेना. सांगताना मी जमिनीकडे बघत होते.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "नाशिक केवढंसं होतं तेव्हा."

ते रागावलेले नव्हते, आणि मोठेपणानं माफ करतोय असंही नव्हतं. बावीस वर्षं झाली होती, एवढंच. काकूंनी पोहे आणले. मी सॉरी म्हणाले, तर सर म्हणाले, पोहे गार होतील. नंतर त्यांनीच कागद परत उचलला आणि मला विचारलं की चाचणी आहे का याची. नाही म्हटल्यावर मान हलवली. "ती माझी चूक. चाचणी लिहायला हवी होती. पण तोवर ते काम माझ्याकडून गेलं होतं."

परत येताना मी म्हसरूळच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबले. रडले वगैरे नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: मी ज्या खुर्चीवर इतकी वर्षं बसले ती कशी रिकामी झाली होती. सर त्या वेळी खरं बोलले असते तर मला काढलं असतं का? बहुतेक नसतं. सहा महिन्यांच्या मुलीला कोण काढतो? ओरडा बसला असता, थोडं रडले असते, पुढे चालू. सरांचंही इतकं नुकसान झालं नसतं. एकाच माणसानं गप्प राहायचं ठरवलं आणि दोघांची वर्षं त्याप्रमाणे गेली, यात कुणाला काय म्हणायचं हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही नीट कळत नाही.

सोमवारी बसून मी त्या फंक्शनाचा मजकूर लिहिला. चार ओळींच्या जागी अकरा झाल्या. जुन्या आवृत्तीनं लांबी कमी लिहिली होती, तशा फाइली अजून वापरात असू शकतात, त्या पुन्हा बनवता येत नाहीत, म्हणून हे काढू नये. मग चाचणी. तिच्यासाठी तशी तुटकी फाइल हवी, आणि ती आमच्याकडे एकही नव्हती. म्हणजे मला ती बनवावी लागणार होती. लिहिणारा भाग उघडला, ते चार बाइट मोजणारी बेरीज खोडली आणि एक फाइल लिहून घेतली. बावीस वर्षांपूर्वीची चूक मुद्दाम पुन्हा करायला दहा मिनिटं पुरली. फाइल उघडून बघितली तर शेवटचं नाव खरंच तुटलेलं होतं. बेरीज परत जागेवर ठेवली, 'फिक्स टेल' काढून चाचणी चालवली, ती आपटली. परत घातलं, पास झाली. त्या दिवसात तेवढीच गोष्ट मनासारखी झाली.

गुरुवारच्या कॉलवर मॅनेजरनं मजकूर स्क्रीनवर घेतला. बाकीचं ठीक म्हणाला. 'फिक्स टेल'पाशी मात्र थांबला. बाकी फंक्शनांना चार ओळी आणि याला एवढं का, नव्या लोकांना जुनी कहाणी नको असते, फंक्शन काय करतं तेवढंच ठेवू, असं त्याचं मत पडलं. एरवी मी हो म्हटलं असतं. त्या महिन्यात मी सगळ्यालाच हो म्हणत होते, नाही म्हणायला जी शक्ती लागते ती संपली होती.

"ते काढलं तर हे फंक्शनही कुणीतरी काढेल," मी म्हणाले. "ते राहू दे."

"बरं, राहू दे. पण मुळात लांबी चुकलीच कशी?"

"चूक माझी होती. मी नवीन होते तेव्हाची."

कॉलवर आम्ही पाचजण होतो. मग तो म्हणाला, "ओके, ओके. खूपच जुनं आहे ते." चांगल्या मनानं म्हणाला, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. आणि पुढचं फंक्शन स्क्रीनवर घेतलं. कॅमेरा सुरू होता म्हणून मी मान डोलवत राहिले. इतक्या वर्षांनी सांगितलं, तर ते ऐकून कुणाचं काही बिघडलं नाही. ज्यांच्यासमोर सांगायला हवं होतं त्यातलं त्या कॉलवर कुणीच नव्हतं. जुने मालक तर वारलेत.

काम मार्चपर्यंत चाललं. नव्या मालकांनी नाशिकच्या अकरातले पाच ठेवले, त्यात मी आहे. बाकीच्यांना कारण कुणी नीट सांगितलं नाही. आता आतलं सगळं लिहून झालंय, माणसं विचारायला लागणार नाहीत, असा हिशेब असावा असं आमच्यातला एकजण जाताना म्हणाला. ते माझ्याकडे बघून म्हणाला नाही, पण मी तिथेच उभी होते.

हे व्हायच्या आधी, जानेवारीत, सरांचा फोन आला. बागेला माल चांगला धरलाय म्हणाले. मग विचारलं, लिहिलंस का ते. मी लॅपटॉप उघडला आणि त्या अकरा ओळी त्यांना मोठ्यानं, सावकाश वाचून दाखवल्या. पलीकडे ते ऐकत होते, मध्ये दोनदा परत वाचायला लावलं.

"'जुन्या फाइली' असं मोघम नको. कोणत्या आवृत्तीच्या, तो नंबर घाल," ते म्हणाले. "आणि 'लांबी कमी असू शकते' म्हणजे काय? चारनं कमी असते. बरोबर चारनं. तसं लिही."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. आता ठीक आहे म्हणाले. अजून किती फंक्शनं राहिलीत ते विचारलं. मी आकडा सांगितला, तर थोडं हसले आणि म्हणाले, "कर मग." मागे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं, त्यांनी फोन ठेवला.

मी मानेचा पट्टा सैल केला, परत घट्ट केला. पुढचं फंक्शन मेमरी मोकळी करणारं होतं. एआयनं त्याखाली तीन स्वच्छ ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्या बाजूला सारून मी कोड वाचायला घेतला.